मुलगी एकवीसची होताना : एच-४, ग्रीन कार्डची रांग आणि दोन चार्ट

पार्श्वभूमी

न्यू जर्सीत राहणारे, मूळचे नाशिकचे कुटुंब. वडील सॉफ्टवेअर इंजिनिअर. ते २०११ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आले, आई आणि दहा वर्षांची मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या बायकामुलांच्या व्हिसावर. २०१३ मध्ये मुलगा झाला, तो जन्मानेच अमेरिकन नागरिक. ओळख पटू नये म्हणून नावे आणि कंपनी गाळली आहे, घरच्या तारखा थोड्या सरकवल्या आहेत. सरकारी तारखा मात्र जशाच्या तशा आहेत, कारण सगळे प्रकरण त्या तारखांवरच फिरते.

कंपनीने पर्मचा, म्हणजे ग्रीन कार्डाआधी लागणाऱ्या कामगार खात्याच्या मंजुरीचा, अर्ज १४ मे २०१४ रोजी भरला. ही झाली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला टोकन नंबर. पदासाठी बॅचलर पदवी पुरेशी होती, त्यामुळे प्रकार ईबी-३, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा तिसरा वर्ग. आय-१४० हा कंपनीचा अर्ज २० जानेवारी २०१५ ला दाखल झाला आणि ८ जुलै २०१५ ला मंजूर झाला. कंपनीने प्रीमियम प्रोसेसिंगचे, म्हणजे जलद निकालाचे, जादा पैसे भरले नाहीत, म्हणून इतके दिवस लागले. हे १६९ दिवस पुढे हिशोबात येणार आहेत.

मग वाट पाहणे. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात बायकामुलेही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांच्या वर सहसा मिळत नाहीत. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे वर्षांत नाही, दशकांत मोजावी लागते.

ऑक्टोबर २०२० मध्ये अचानक दार किलकिले झाले. कोविडमुळे कौटुंबिक प्रवर्गातले बरेच व्हिसा वापरलेच गेले नव्हते, ते नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात आले आणि त्या वर्षीचा आकडा २ लाख ६२ हजारांच्या आसपास गेला. त्या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या मासिक सरकारी पत्रकात, भारताच्या ईबी-३ साठी दोन तारखा होत्या. चार्ट ए, म्हणजे ज्या तारखेपर्यंतच्या लोकांना प्रत्यक्ष ग्रीन कार्ड देता येईल ती : १५ जानेवारी २०१०. चार्ट बी, म्हणजे ज्या तारखेपर्यंतच्या लोकांना निदान अर्ज भरता येईल ती : १ जानेवारी २०१५. त्या महिन्यात यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, चार्ट बी वापरायला परवानगी दिली. या कुटुंबाची तारीख मे २०१४ ची, म्हणजे चार्ट बी मध्ये बसणारी. २२ ऑक्टोबर २०२० ला तिघांचे आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डचे अर्ज, गेले. प्रत्येकी १,२२५ डॉलर, बायोमेट्रिक्स धरून. वर्क परमिट म्हणजे ईएडी आणि परदेशी जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी म्हणजे ॲडव्हान्स पॅरोल, यांची वेगळी फी तेव्हा नव्हती.

घरात पेढे वाटले गेले. पावत्या आल्या, पुढच्या वर्षी ईएडी कार्डेही आली. सगळ्यांची समजूत अशी की आता फक्त वाट पाहायची, मुलगीही सुटली.

अडचण

२०२१ च्या उन्हाळ्यात एच-१बी आणि एच-४ ची मुदतवाढ मंजूर होऊन आली. मंजुरीच्या कागदाला खाली आय-९४, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारा कागद, जोडलेला असतो. तो कापून पासपोर्टला लावताना आईच्या लक्षात आले की दोघांची तारीख २०२४ ची आहे आणि मुलीची २ फेब्रुवारी २०२२. टायपिंगची चूक असेल म्हणून वकिलाला फोन केला. चूक नव्हती. ३ फेब्रुवारी २०२२ ला मुलगी २१ वर्षांची होणार होती आणि एच-४ त्याच्या आदल्या दिवशी संपतो. त्याला कुठलीही सवलत नाही.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि जाणकार माणसेही ती करतात. एच-४ हा तात्पुरता व्हिसा, तिथे खरे वय चालते. ग्रीन कार्डच्या अर्जात मात्र २००२ चा चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट, म्हणजे सीएसपीए, लागू होतो आणि वयाचा हिशोब निराळा होतो. व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीचे वय घ्यायचे, त्यातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करायचे. उत्तर २१ च्या खाली हवे, मूल अविवाहित हवे, आणि व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षात ग्रीन कार्डसाठी पाऊल टाकलेले हवे.

सगळी मेख ‘व्हिसा उपलब्ध झाला’ या शब्दांत. कोणत्या चार्टप्रमाणे? २०२१ मध्ये यूएससीआयएसचे उत्तर होते : चार्ट ए. अर्ज चार्ट बी वर भरून घेतला, फी घेतली, कार्ड दिले, पण वय गोठणार चार्ट ए लागल्यावरच. मुलीचा हिशोब मांडला तर २१ वा वाढदिवस ३ फेब्रुवारी २०२२, अधिक १६९ दिवस, म्हणजे २२ जुलै २०२२. चार्ट ए मधली तारीख महिन्याच्या १ तारखेला लागते, म्हणजे १ जुलै २०२२ च्या आत ती १४ मे २०१४ च्या पुढे जायला हवी होती. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ती १५ जानेवारी २०१२ ला थबकली होती. जुलैपर्यंत सव्वादोन वर्षे ओलांडेल असे कोणीच म्हणत नव्हते.

थोडक्यात, मुलीचा अर्ज दाखल होता पण तिचे वय पुढे सरकतच होते. चार्ट ए लागेल त्या दिवशी आईवडिलांना कार्डे मिळतील, हिला नकार मिळेल, आणि नकाराच्या दिवशी तिच्याकडे दुसरे कुठलेच स्टेटस नसेल.

समोरचे पर्याय

पहिला : काहीच न करणे. आय-४८५ प्रलंबित आहे तोवर देशात राहणे बेकायदा नाही. ईएडीवर नोकरी करता येते, ॲडव्हान्स पॅरोलवर भारतात जाऊन येता येते. सोपा, सुटसुटीत, आणि संपूर्ण भरवसा एका अशा अर्जावर जो त्या वेळच्या धोरणाप्रमाणे बुडणारच होता.

दुसरा : वाढदिवसाआधी एच-४ वरून एफ-१ या विद्यार्थी स्टेटसला बदल मागणे. मुलगी कॉलेजात होतीच. पण एफ-१ साठी ‘शिक्षण झाले की परत जाईन’ असा हेतू दाखवावा लागतो आणि हिचा ग्रीन कार्डचा अर्ज तर सरकारकडेच पडलेला. आय-५३९ या स्टेटस बदलाच्या फॉर्मवर तो प्रश्न थेट विचारलेला असतो. खोटे लिहिणे हा पर्यायच नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही अर्ज जाऊ शकतात. खरे लिहिले तर नकाराची शक्यता खरीच होती.

तिसरा : वडिलांनी ईबी-२ मध्ये, म्हणजे वरच्या पात्रतेच्या वर्गात जाणे. २०२१ च्या हिवाळ्यात भारताची ईबी-२ रांग ईबी-३ च्या पुढे पळत होती आणि ओळखीतले बरेच जण उडी मारत होते. पण यांच्याकडे ईबी-२ चे पर्म नव्हतेच. नव्याने करायचे तर वेतननिश्चिती, जाहिराती, पर्म, आय-१४० मिळून वर्षाच्या वर गेले असते. शिवाय हिशोब करून पाहिला तेव्हा कळले की ईबी-२ मध्ये चार्ट ए जरी वेळेवर लागला तरी नवा आय-१४० प्रीमियमने काढावा लागणार, म्हणजे वजा करायला हातात जेमतेम पंधरा दिवस. आईवडील आत, मुलगी बाहेर. जून २०२२ मध्ये भारताच्या ईबी-२ चा चार्ट ए खरोखरच १ सप्टेंबर २०१४ ला पोचला. तेव्हा मुलीला २१ पूर्ण होऊन जवळपास चार महिने झाले होते.

गुंतवणुकीवरचे ईबी-५ एका संध्याकाळी बोलून झाले. मार्च २०२२ च्या कायद्यानंतर किमान रक्कम ८ लाख डॉलर. तो कागद तिथेच मिटला.

धाकट्या भावाचा उपयोग काय, असे नातेवाईक विचारतच. तो २१ चा होईल २०३४ मध्ये. तेव्हा आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल. बहिणीसाठी भावंडांची रांग वेगळी, आणि ती याहूनही लांब.

काय केले

दुसरा पर्याय घेतला, पण पहिला न सोडता. हा निर्णय ऑक्टोबर २०२१ मध्ये झाला आणि त्यात महिन्याभराचाही उशीर परवडला नसता, कारण आय-५३९ दाखल होताना एच-४ जिवंत असावा लागतो. म्हणूनच वडिलांनी ईएडी हातात असूनही नोकरी एच-१बी वरच चालू ठेवली. त्यांनी ईएडीवर काम सुरू केले असते तर एच-१बी संपला असता आणि त्याच्या आधाराने उभा असलेला मुलीचा एच-४ सुद्धा.

क्रम असा : कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून स्टेटस बदलासाठीचा आय-२०, म्हणजे प्रवेशाचा दाखला, मग सेव्हिस या सरकारी विद्यार्थी नोंदणीची ३५० डॉलर फी, मग आय-५३९, तेव्हाची फी ३७० डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५. सोबत वडिलांच्या बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट आणि दोन पानांचे पत्र. पत्रात वकिलाने काही लपवले नाही : वडिलांच्या अर्जामागे हिचा अर्ज आहे, सध्याच्या धोरणाप्रमाणे तो वयामुळे नाकारला जाईल असे दिसते, तसे झाले तर ती शिक्षण पूर्ण करून परत जाईल, नाशिकला आजीचे घर आहे.

मार्च २०२२ मध्ये यूएससीआयएसने आणखी खुलासा मागितला, नेमका हेतूबद्दलच. उत्तर दिले. जुलैमध्ये मंजुरी आली. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याकडे फाइल गेली असती तर नकारही आला असता, हे वकील स्वतःच सांगत होते.

एफ-१ मिळाल्यावर दोन बंधने आली. कॅम्पसबाहेरचे काम फक्त एफ-१ च्या वाटेने, म्हणजे सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम) किंवा ओपीटीवर (मुख्यतः पदवीनंतरचे प्रशिक्षण), पाकिटातल्या ईएडीवर नाही. आणि प्रवास नाही. पहिले बंधन तिला उन्हाळ्यातच जाचले, एका स्टार्टअपला सीपीटीच्या कागदपत्रांसाठी थांबायची तयारी नव्हती. दुसरे त्याहून जड गेले.

नाशिकला जायचे की नाही

नोव्हेंबर २०२२ मध्ये आजीला स्ट्रोक आला. फोनवर आजी एवढेच म्हणायची, ‘परीक्षा झाली की ये गं.’

कागदावर मुलीकडे परतीच्या दोन वाटा होत्या आणि दोन्ही अडलेल्या. एफ-१ स्टेटस तिला अमेरिकेतच मिळाले होते, पासपोर्टात एफ-१ चा शिक्का नव्हता. तो घ्यायला मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत, आणि ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे हेतूच्या मुद्द्यावर नकार मिळणे अगदी साहजिक. त्यात एच-१बी आणि एच-४ वाल्यांना असते तशी सूट एफ-१ ला नाही : ॲडव्हान्स पॅरोलशिवाय देश सोडला की आय-४८५ सोडून दिला असे धरतात.

दुसरी वाट ॲडव्हान्स पॅरोलची. तो कागद तिच्याकडे होता आणि वैध होता. त्यावर परत आली असती तर विमानतळावर पॅरोलवर आत घेतले असते, म्हणजे नऊ महिने खपून मिळवलेला एफ-१ तिथेच संपला असता. मागे उरला असता तो फक्त बुडीत आय-४८५.

वडील नाशिकला गेले, आई गेली नाही कारण मुलगा शाळेत. मुलगी थांबली. आजी डिसेंबरमध्ये गेल्या, बाराव्याचे विधी तिने व्हिडिओ कॉलवर पाहिले. कायद्याच्या अंगाने निर्णय बरोबर होता. तरी दोन महिन्यांनी जे घडले ते पाहता घरात हा विषय आजही कोणी काढत नाही.

फेब्रुवारी २०२३

१४ फेब्रुवारी २०२३ ला यूएससीआयएसने धोरण बदलले. ज्या महिन्यात चार्ट बी वर अर्ज घेतले जातात त्या महिन्यात वयाचा हिशोबही चार्ट बी वरूनच करायचा. प्रलंबित अर्जांनाही ते लागू.

मुलीचा हिशोब पुन्हा मांडला. व्हिसा उपलब्ध होण्याची तारीख म्हणजे आय-१४० ची मंजुरी आणि चार्ट लागलेल्या महिन्याची १ तारीख, यातली नंतरची. ८ जुलै २०१५ आणि १ ऑक्टोबर २०२०, म्हणून १ ऑक्टोबर २०२०. त्या दिवशी तिचे वय १९ वर्षे ७ महिने २८ दिवस. त्यातून १६९ दिवस गेले की १९ वर्षे २ महिने आणि वर काही दिवस. अर्ज त्याच महिन्यात भरलेला, म्हणजे एका वर्षाची अटही पुरी. वय गोठले. नंतर चार्ट मागे गेला तरी भरलेल्या अर्जातले वय सुटत नाही.

आता एफ-१ टाकून द्यायचा का? घरच्यांचा कल तिकडे होता. वकिलांचे म्हणणे उलटे : धोरण एका परिपत्रकाने आले, दुसऱ्या परिपत्रकाने जाऊ शकते. मे २०२३ मध्ये पदवी होईपर्यंत एफ-१ ठेवला. त्यानंतर मात्र ओपीटी न घेता ती ईएडीवर नोकरीला लागली आणि डिसेंबरात ॲडव्हान्स पॅरोलवर नाशिकला जाऊन आली. ओपीटी सोडण्यात धोका होता. पर्यायी एच-१बी लॉटरीसाठी ओपीटी आणि त्यावर स्टेमचे, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारे, २४ महिने हा भरवशाचा पूल होता, आणि तो जपायला हवा होता असे आमचे मत आहे.

वकिलांची भीती खरी ठरली. ८ ऑगस्ट २०२५ ला यूएससीआयएसने पुन्हा चार्ट ए कडे मोर्चा वळवला, १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी. त्याआधीच दाखल असलेल्या अर्जांना फेब्रुवारी २०२३ चेच धोरण. मुलगी वाचली ती ऑक्टोबर २०२० च्या पावतीमुळे.

लग्नाचा विषय

सीएसपीए वय गोठवतो, वैवाहिक स्थिती नाही. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत अविवाहित राहणे ही अट कायम असते. मुलगी आता चोविशी ओलांडलेली, स्थळे येतात, आणि २०२४ मध्ये एक जुळलेही. मुलाकडच्यांचा आग्रह असा की आत्ता कोर्टात नोंदणी उरकून घेऊ, समारंभ सावकाश पुण्यात करू, नोंदणीला कोण लग्न म्हणते. यूएससीआयएस म्हणते. नोंदणीच्या सहीबरोबर तिचा अर्ज त्याच क्षणी संपला असता. साखरपुडा केला, त्याला हरकत नाही. पत्रिकेवर ‘विवाह’ शब्द येणार नाही याची काळजी मामांनी घेतली. तेवढीही गरज नव्हती, पण चुकले तर सावधपणाकडे चुकले.

सध्याची स्थिती

ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारताच्या ईबी-३ चा चार्ट ए २२ ऑगस्ट २०१३ वर होता. यांची तारीख १४ मे २०१४. तिघांचे अर्ज प्रलंबित, मुलीचा सुरक्षित. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या ईएडी नूतनीकरणांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ नाही, त्यामुळे कार्ड संपायच्या सहा महिने आधी खिडकी उघडते त्याच आठवड्यात अर्ज घालायचा, असे तिघांनीही कॅलेंडरवर लावून ठेवले आहे.

वेगळे काय करता आले असते

ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ज भरतानाच वकिलाने मुलीच्या वयाचा हिशोब दोन्ही चार्टवर लेखी मांडून द्यायला हवा होता. एक पान पुरले असते. त्याऐवजी एक वर्ष गैरसमजात गेले आणि आय-९४ च्या तारखेवर आईची नजर पडली म्हणून काही महिने तरी मिळाले. ज्यांच्या घरात सतराच्या पुढचे मूल एच-४ वर आहे त्यांनी दर मुदतवाढीच्या कागदावर मुलाची तारीख वेगळी वाचावी.

आय-१४० ला प्रीमियम न भरणे इथे योगायोगाने झाले आणि शेवटी त्या १६९ दिवसांची गरजही पडली नाही. पण ज्याचे मूल काठावर आहे त्याने प्रीमियमचा आग्रह धरण्याआधी हा हिशोब करावा. लवकर मिळालेली मंजुरी म्हणजे वयातून वजा होणारे दिवस कमी.

आय-१४० च्या दाखल तारखेची पावती आणि मंजुरीचा कागद, दोन्ही हवेत. कंपन्या दुसरा देतात, पहिला द्यायला कुरकुरतात. या कुटुंबाला पावती मिळवायला जुन्या कंपनीच्या एचआरकडे तीन ईमेल आणि पाच आठवडे लागले.

१५ ऑगस्ट २०२५ नंतर चार्ट बी वर अर्ज भरणाऱ्या घरांची गत पुन्हा या कुटुंबाच्या २०२१ मधल्या गतीसारखी आहे : अर्ज आत, वय चालूच. तिथे एफ-१ चा आय-५३९ वाढदिवसाच्या किमान आठ-नऊ महिने आधी जायला हवा, म्हणजे खुलासा मागितला गेला तरी उत्तराला वेळ राहतो, आणि नकार आलाच तर एच-४ शाबूत असतानाच परदेशी विद्यापीठाचा किंवा भारतात परतण्याचा विचार करता येतो.